क्रेगच्या रिपोर्टवरचं नाव

सोमवार, २३ फेब्रुवारी

आज क्रेग आणि मी कर्जाच्या ब्रोकरकडे जाऊन आलो. नदीम अख्तर त्याचं नाव. ब्रॅडफर्डचा माणूस, बोलायला चोख, आणि त्याच्या ऑफिसात चहाबरोबर चॉकलेटची बिस्किटं मिळतात. क्रो लेनवरच्या नऊ नंबरच्या घरासाठी आमचा गृहकर्जाचा अर्ज त्याने आजच पाठवला. सहा वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर आता पहिल्यांदाच 'आमचं घर' असं लिहितेय.

मग त्याने आमचे दोघांचे क्रेडिट रिपोर्ट टेबलावर मांडले. कुठे खातं आहे, कुठे उधारी केली, वेळेवर फेडली की नाही, सगळी कुंडली. माझ्या रिपोर्टात बघण्यासारखं काही नाही. एक खातं, एक कार्ड, संपलं. क्रेगचा उलटला तर दुसऱ्या पानावर एक चौकट. वर लिहिलेलं, 'आर्थिक संबंध असलेल्या व्यक्ती'. खाली एकच नाव. फिलिपा जेन इलिंगवर्थ.

क्रेगची पहिली बायको. घटस्फोटाला आठ वर्षं होऊन गेली आणि बाई अजून त्याच्याच आडनावाने, इलिंगवर्थ.

"हे काय?" मी विचारलं.

"अरे हो," क्रेग म्हणाला. "जुनं जॉइंट खातं. राहिलंय तसंच."

"राहिलंय म्हणजे?"

"म्हणजे बंद करायचं राहिलंय, लॉर."

नदीम मध्ये पडला. "त्याने काही बिघडत नाही. त्यांची पत वाईट असती तर तुम्हाला झळ लागली असती. पण कर्जवाल्यांनी हे नाव बघूनच तुम्हाला प्राथमिक होकार दिलाय. म्हणजे बाईंचा व्यवहार स्वच्छ असणार. घर झालं की सावकाश बंद करा. आता माझं एकच ऐका, दोघांनीही. किल्ली हातात पडेपर्यंत नवीन काही उघडू नका. नवं खातं नको, कार्ड नको, हप्त्यावर सोफासुद्धा नको. खातं उघडलं की बँक तुमची चौकशी करते, त्याचा ठसा रिपोर्टवर उमटतो, आणि करार व्हायच्या आधी कर्जवाले तो रिपोर्ट पुन्हा एकदा काढून बघतात. त्यांना माणूस बसल्या जागी बसलेला आवडतो."

क्रेग "बरं" म्हणाला. मीही मान डोलावली. पण माझं लक्ष त्या चौकटीतून हललंच नव्हतं. सहा वर्षं मी या माणसाचे मोजे धुतेय, आणि देशाच्या दप्तरात त्याचा संबंध फिलिपाशी. मी कोण, तर कोणीच नाही.

वर बाईंचा व्यवहार स्वच्छ. तेही ऐकून घ्यावं लागलं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

दुकानात मॅक्सीनला सांगितलं. आम्ही दोघी चष्म्याच्या दुकानात आहोत. ती मॅनेजर, मी फ्रेमा बसवून देते. ती हसून म्हणाली, "अगं, बँकेचा कागद तो. प्रेमपत्र असल्यासारखी काय वाचत बसलीस?"

"प्रेमपत्र जुनं तरी होतं. हे दर महिन्याला ताजं होतं."

"तू नं, लॉर्ना, स्वतःच्याच डोळ्यांत मिरची पूड घालून घेतेस आणि मग झोंबतंय म्हणतेस."

म्हणू दे. तिच्या नवऱ्याला पहिली बायको नव्हती. आणि तिला माझ्यासारखं पहिल्या बायकोच्या स्वयंपाकघरात उभं राहून बटाटे सोलावे लागत नाहीत. या घरात क्रेग आणि फिलिपा तीन वर्षं राहिले. मी आले तेव्हा बाकीचं सगळं बदललं, पडद्यांच्या कड्यासुद्धा. पण स्वयंपाकघर तिने हळदीसारखं पिवळं रंगवून ठेवलंय, आणि घरमालकाचा एजंट रंगाला हात लावू देत नाही. सकाळी उठून चहाला उभी राहिले की ती बाई चारही बाजूंनी माझ्याकडे बघते.

शनिवार, २८ फेब्रुवारी

घर पुन्हा बघून आलो. मालक मिस्टर प्रीस्टमन, संगीताचे निवृत्त मास्तर. मे महिन्यात अँगल्सीला मुलीकडे कायमचे जाणार. स्वयंपाकघराला लागून कोठीची छोटी खोली आहे आणि तिच्यात एक दगडी फळी, भर उन्हाळ्यातही गार राहणारी. मी तिच्यावर हात ठेवून उभी राहिले तर मास्तर म्हणाले, "आमच्या हिचीही तीच जागा होती. रागावली की तिथे जाऊन उभी राहायची." मागच्या अंगणात बादली उपडी घालून त्याखाली रुबार्ब वाढवलाय, जॅमला लागणारी आंबट देठांची भाजी. त्यातले दोन गुलाबी देठ त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

क्रेग आनंदात होता. येताना शीळ घालत होता, ती मी वर्षभरात ऐकली नव्हती.

मला हे घर का हवंय ते इथे तरी खरं लिहिते. दगडी फळी आहे, अंगण आहे, सगळं आहे. पण त्या घरात फिलिपाने कधी पाऊल टाकलेलं नाही. एका भिंतीवर तिचा हात फिरलेला नाही. आमच्या ऑटली गावात अशी जागा मला दुसरी माहीत नाही.

सोमवार, २ मार्च

क्रेग पाणीपुरवठ्यात आहे. रस्त्याखालची पाइपलाइन फुटली की हा खड्ड्यात. आज चिखलाने माखून आला, तेव्हाच विषय काढला.

मी म्हटलं, "ते जुनं खातं बंद करायला हवं. आणि आपलं दोघांचं नवं उघडायला हवं. नदीमशी बोलणं झालंय."

"तो तर नवीन काही उघडू नका म्हणाला होता ना?"

"ते कार्डं आणि सोफ्याबद्दल. खात्याचं वेगळं. आपल्या दोघांचं काहीच एकत्र दिसत नाही रिपोर्टवर. बरं दिसतं का ते?"

याला खोटं म्हणता येणार नाही. नदीमशी माझं बोलणं झालंच होतं, गेल्या आठवड्यात, क्रेगच्या समोर. आणि बंद करा हे त्याचेच शब्द. कधी, एवढाच काय तो फरक.

क्रेग बूट काढत बसला होता. बराच वेळ नाडीच सोडत होता. मग म्हणाला, "त्या खात्यातून एक-दोन गोष्टी जातात, लॉर. बघून घे हं."

"बघते."

"नीट बघ."

तेवढं म्हणून अंघोळीला गेला. त्या बाईचा विषय निघाला की हा असाच आखडता होतो. लपवण्यासारखं काही नसेल तर आखडायचं कशाला?

शुक्रवार, ६ मार्च

जुनं खातं बंद करायला दोघांची सही लागते. मला वाटलं होतं फिलिपा महिनाभर तरी अडवून धरेल. मनातल्या मनात तिला सुनवायची दोन-चार वाक्यंही तयार ठेवली होती. कागद मंगळवारी पाठवला, आज सही करून परत. सोबत चिठ्ठी. 'नव्या घरासाठी खूप शुभेच्छा दोघांना. पि.'

पि म्हणजे पिपा. सगळं गाव तिला पिपा म्हणतं. अक्षर गोल आणि सुरेख. मी चिठ्ठी फाडली आणि नंतर तुकडे जुळवून पुन्हा वाचली. टोमणा कुठे आहे ते काही सापडलं नाही.

मंगळवार, १० मार्च

आज जुनं बंद झालं, नव्याची कार्डं आली. पाकिटावर दोघांची नावं शेजारीशेजारी. क्रेग इलिंगवर्थ आणि लॉर्ना बॅक्स्टर. मी पाकीट फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलंय. बँकेतल्या मुलीने विचारलं होतं, थोडा ओव्हरड्राफ्ट जोडून देऊ का. फुकट होता, मी हो म्हटलं. सुरुवातीला म्हणून वीस पौंड भरले.

जुन्या खात्याचा शेवटचा कागदही आला. दर महिन्याला क्रेगकडून तीस पौंड जमा, फिलिपाकडून तीस. वाचूनच अंगाचा तिळपापड झाला. आणि खर्च काय, तर म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमाला महिन्याला तीन पौंड. दोघांनी मिळून गाढव दत्तक घेतलंय. आमच्याकडे साधी मांजर नाही. शिवाय दर गुरुवारी बारा पौंड, वाय. डॉब्सन नावाच्या कोणाला तरी. फिलिपाची योगाची बाई असणार. तसल्यांना योगा लागतोच. तिच्या योगाला आमचे पैसे कशाला? दोन्ही बंद.

क्रेगने विचारलं, "बघितलंस का नीट?"

"बघितलं. महत्त्वाचं काही नव्हतं."

तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि शेडमध्ये गेला. तिथे त्याच्या वडिलांची जुनी मोटरसायकल आहे. चार वर्षं उघडतोय आणि जोडतोय.

रविवार, १५ मार्च

आज इथला मातृदिन. क्रेगच्या आईला, डोरीनला, वृद्धाश्रमात भेटायला गेलो. एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत, खुर्चीतून उठवत नाही, आणि कालचं आज आठवत नाही. पण केस बघावेत. पांढरेशुभ्र, फेसासारखे वर बसवलेले. बोलताना हात सारखा तिकडे जातो, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघायला. मी डॅफोडिलचा गुच्छ दिला. त्यांनी घेतला, वास घेतला, आणि म्हणाल्या, "छान आहेत हो. पिपा कुठंय?"

"पिपा आता दुसरीकडे राहते, आई," क्रेग म्हणाला.

"दुसरीकडे कशी? गुरुवारी आली होती की."

क्रेग मान खाली घालून फुलं लावत बसला. डोरीनना भास होतात, हे आश्रमातले लोकही सांगतात.

गुरुवार, १९ मार्च

कर्ज मंजूर. पत्र आलं. दहा एप्रिलला करारावर सह्या. क्रेगने मला उचलून त्या पिवळ्या स्वयंपाकघरात गोल फिरवलं आणि माझा पाय लागून सोललेले बटाटे सगळीकडे सांडले. नदीमची भीती फुकटच होती. नवं खातं उघडून काय आभाळ कोसळलं?

रविवार, २९ मार्च

डोरीन डोक्याला रुमाल बांधून बसल्या होत्या, हनुवटीखाली घट्ट गाठ. खोली सोडून जेवायच्या हॉलमध्ये यायला तयार नाहीत. "अशी कुठे येऊ मी लोकांत?" एवढंच म्हणत होत्या. माझ्याकडे तर बघेचनात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं की काय? आम्ही घर घेतोय, मी आता या घराण्यात पक्की होतेय, हे त्यांना पटत नसणार. सूनबाई म्हणून पिपाच हवी.

गाडीत मी तसं बोलून दाखवलं. क्रेग म्हणाला, "काहीतरी बोलू नकोस," आणि रेडिओ लावला.

मंगळवार, ७ एप्रिल

नदीमचा फोन. मी दुकानात, एका आजोबांच्या नाकावर फ्रेम धरून उभी.

"मॅडम, तुम्ही नवीन खातं उघडलंत?"

मी फ्रेम तशीच दाबून धरली.

"ओव्हरड्राफ्टसकट. कर्जवाल्यांनी शेवटची तपासणी केली, त्यात दिसलं. त्यांनी सगळं थांबवलंय. मी क्रेगना विचारलं, तर ते म्हणतात, 'नदीम, तुम्हीच उघडायला सांगितलंत.' मी?"

आजोबा म्हणाले, "बाई, नाक दुखतंय."

मी मागच्या खोलीत गेले. नदीम ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे सांगत होता. अर्ज केल्यावर तीन आठवड्यांच्या आत नवं खातं, उधारीची सोय, जुनं खातं अचानक बंद. यावरून त्यांना वाटतं की हे जोडपं अडचणीत आहे, किंवा काहीतरी लपवतंय.

"पण फिलिपाचं नाव काढायला हवं होतं ना," मी म्हटलं. माझाच आवाज मला किती बारीक वाटला.

"मॅडम, खातं बंद केल्याने नाव जात नाही. त्याचा वेगळा अर्ज असतो, रिपोर्टवाल्या कंपन्यांकडे. त्यांचं नाव अजून तिथेच आहे. फक्त आता खाली तुमचं आलंय."

बुधवार, ८ एप्रिल

क्रेग भांडला नाही. सकाळी डबा भरताना म्हणाला, "मला तू सरळ सांगितलं असतंस ना, की तिचं नाव तुला सलतंय, तर मी त्याच दिवशी जाऊन बंद केलं असतं. घर जाईल की राहील, विचार केला नसता. पण तू नदीमच्या नावावर सांगितलंस."

मी म्हटलं, "मला तुझ्या शेजारी माझं नाव हवं होतं."

"ते आहेच की."

"कुठे?"

त्याने आजूबाजूला बघितलं, स्वयंपाकघरात, जणू कुठेतरी भिंतीवर लिहिलेलं असेल. मग डबा उचलून गेला. चहा तसाच होता.

शनिवार, ११ एप्रिल

लेखी खुलासा द्यायचाय, दोघांच्या सहीचा. खातं का उघडलं? मास्तर चोवीस तारखेपर्यंत थांबतील, त्याहून जास्त नाही. त्यांच्या मुलीकडची व्यवस्था ठरलीय आणि घराला दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

दिवसभर लिहून फाडतेय. पहिलं: 'घरखर्च एकत्र करण्यासाठी.' नदीमला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "खात्यात वीस पौंड पडून आहेत, एक महिना. ना दूध, ना वीजबिल. त्यांना दिसतं हो ते." दुसरं: 'बँकेच्या सल्ल्यावरून.' "कुठल्या बँकेच्या?" तिसरं: 'गैरसमजातून.' यावर तो म्हणाला, "कोणाचा गैरसमज, ते विचारतील. मॅडम, खरं कारण असेल ना काहीतरी. तेच लिहा. छोटं लिहा."

खरं कारण. ते मला या वहीतसुद्धा नीट लिहिता आलेलं नाही.

गुरुवार, १६ एप्रिल

आश्रमातून फोन आला. डोरीन जेवत नाहीत, खोलीतून बाहेर येत नाहीत, घरचं कोणी आलं तर बरं. क्रेग पूल रस्त्यावरच्या खड्ड्यात, फोन उचलेना. मी अर्धी रजा टाकून गेले.

दार अर्धवट उघडं होतं. आत डोरीन आरशासमोर, खांद्यावर टॉवेल. मागे फिलिपा. तोंडात पिना, हातात गुलाबी रोलर. ती रोपांच्या नर्सरीत काम करते, नखांत माती तशीच.

"बरं झालं आलीस," ती पिनांमधून म्हणाली, जणू आम्ही रोज भेटतो. "ती जाळी दे ना जरा."

मी दिली. दुसरं काय करणार होते.

डोरीन डोळे मिटून बसल्या होत्या. फिलिपा त्यांना अगं-तुगं करते. "मान सरळ ठेव गं, डोरीन. हां, अशी." मी सहा वर्षांत 'अहो'च्या पुढे गेलेली नाही. मला हेवा वाटला तो खराच वाटला, इथे कशाला लपवू.

मग तिने सहज सांगितलं. "इव्हॉनचे पैसे कुठून तरी बंद झाले. तिने दोन गुरुवार तसंच केलं बिचारीने, मग जागा दुसऱ्या आजींना दिली. आता उन्हाळ्यापर्यंत तिच्याकडे वेळ नाही. मला इथल्या मुलींनी सांगितलं, महिनाभराने परवा आले तेव्हा. डोरीन रुमाल काढेचना. म्हटलं चल, मीच करते. वाकडंतिकडं होतंय, पण होतंय."

"इव्हॉन कोण?" मी विचारलं, पण विचारतानाच मला कळलं होतं. इव्हॉन हे नाव इंग्रजीत वायनेच लिहितात.

"इव्हॉन डॉब्सन. दर गुरुवारी येते ना इथे, केस सेट करायला. क्रेग आणि मी मिळून द्यायचो तिचे पैसे. लग्न मोडलं तरी तेवढं ठेवलं होतं. डोरीन केसांशिवाय दारात येत नाही, तुला तर माहीतच आहे."

मला माहीत नव्हतं. योगा, मी लिहिलं होतं. वर 'महत्त्वाचं काही नव्हतं' म्हणून सांगितलं होतं.

"मी बंद केलं ते," मी म्हटलं. "बघितलं नाही. म्हणजे बघितलं, आणि बंद केलं."

फिलिपाने तोंडातली पिन काढली. मला वाटलं आता सुनावेल. ती म्हणाली, "हं. मी पण तशीच सही केली. विचारायला हवं होतं मी." आणि पुढचा रोलर लावला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "स्वयंपाकघर अजून पिवळंच आहे. तुमचं."

"माझं? देवा, मला तो रंग कधी आवडला नाही. डोरीन रंगाचा डबा घेऊन बसने आली होती. दोन दिवस शिडीवर. खाली उतर म्हटलं तर ब्रश दाखवायची."

डोरीननी डोळे उघडले. आरशात आम्हा दोघींकडे बघितलं. "यातली आमच्या क्रेगची कोण?"

फिलिपा हसली. "ही," ती म्हणाली, आणि रोलरने माझ्याकडे दाखवलं.

शुक्रवार, १७ एप्रिल

लिहून पाठवलं. नक्कल इथे.

'हे खातं मी उघडायला लावलं. माझ्या जोडीदाराच्या रिपोर्टवर त्याच्या आधीच्या पत्नीचं नाव होतं आणि माझं नव्हतं. मला मत्सर वाटला. ब्रोकरने नको म्हटलं होतं. त्यानेच सांगितलं असं मी जोडीदाराला खोटं सांगितलं. पैशाची अडचण नव्हती आणि नाही. खात्यात मी भरलेले वीस पौंड तसेच आहेत. ओव्हरड्राफ्ट आज बंद केला. जुन्या खात्यातून जोडीदाराच्या आईच्या केसांचे पैसे जात होते, तेही मी न विचारता बंद केले. यात त्याची काही चूक नाही. लॉर्ना बॅक्स्टर.'

क्रेगने बेसिनपाशी उभं राहून दोनदा वाचलं. केसांचं मी त्याला कालच सांगितलं होतं. तेव्हा तो शेडमध्ये जाऊन तासभर बसला होता.

"अनोळखी माणसं वाचतील हे," तो म्हणाला.

"वाचू देत."

त्याने खिशातलं पेन काढलं, चिखलाचं, आणि माझ्या सहीखाली सही केली. मग विचारलं, "जेवायला काय आहे?" दहा दिवसांत पहिल्यांदा.

शुक्रवार, २४ एप्रिल

मास्तरांची शेवटची तारीख आज. दुपारी पावणेचारला नदीमचा फोन. खुलासा मान्य. "तिथल्या बाईंनी मला विचारलं, हे खरंच असं लिहिलंय का. मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, वीस वर्षांत असं कारण कोणी दिलं नव्हतं." पण नव्या खात्याने आमची पत घसरलीच आहे. कर्ज देतील, चार हजारांनी कमी. ते आपण घालायचे.

आपल्याकडे तेवढे नाहीत, मी म्हटलं. क्रेग म्हणाला, "बघतो."

शनिवार, २ मे

स्किप्टनहून एक माणूस ट्रेलर घेऊन आला आणि मोटरसायकल घेऊन गेला. क्रेगने स्वतः पट्टे आवळून दिले. मी खिडकीतून बघत होते. ट्रेलर वळणावर दिसेनासा झाला तरी तो फडकं हातात घेऊन उभा होता. आत आल्यावर म्हणाला, "जुनं लोखंड होतं ते." त्याच्या वडिलांचं होतं, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

शुक्रवार, १५ मे

किल्ली मिळाली. मास्तरांनी दगडी फळीवर रुबार्बच्या जॅमची बरणी ठेवलीय. मी तिथे हात ठेवून उभी राहिले. रागावले नव्हते. रडले मात्र.

रविवार, १७ मे

डोरीनना घर दाखवायचं होतं. त्यांची खुर्ची आमच्या गाडीत मावत नाही. फिलिपाच्या रोपांच्या व्हॅनमध्ये मावते. तेव्हा आणणार कोण, ते उघडच होतं.

क्रेगने आईला आत नेलं. केस सुरेख बसले होते. फिलिपा व्हॅनजवळच थांबली. "मी बसते इथेच," ती म्हणाली. "पाय मळलेत माझे."

तिला कळलं होतं. तिला सगळं कळतं, हेच तर मला सहन होत नाही. मी दारात उभी राहिले. तिला बसू दिलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. निदान एक घर माझं राहिलं असतं. एवढ्यासाठीच तर होतं सगळं.

"चहा गार होईल," मी म्हटलं. "ये आत."

तिने पायपुसण्यावर बूट पुसले, चारदा, माझ्यापेक्षा नीट. आणि आत आली.

डोरीन स्वयंपाकघरात पांढऱ्या भिंती न्याहाळत होत्या. "दवाखाना आहे का हा? रंग द्या कोणीतरी."

"कुठला देऊ?" मी विचारलं. "तूच सांग."

तोंडून 'तू' गेलं. त्यांना वावगं वाटलेलं दिसलं नाही. अंगणाकडे बघत विचार करू लागल्या आणि विचार करता करता विसरल्या. काल मी पिवळ्या रंगाचा डबा आणून ठेवलाय, हे कोणाला सांगितलं नाही. क्रेगने तो बघितलाय. संध्याकाळी शीळ घालत होता.

फिलिपाचं नाव काढायचा अर्ज नदीमने मला पाठवलाय. भरून, तिकीट लावून तयार आहे. दगडी फळीवर, जॅमच्या बरणीखाली. क्रेगच्या रिपोर्टवर सध्या दोन नावं आहेत, वर तिचं, खाली माझं. टाकीन पोस्टात. गाढवाचे पैसे मात्र मी पुन्हा सुरू केलेले नाहीत, आणि करणारही नाही.

गुरुवारी अर्धी रजा घेतलीय. या वेळी रोलर मी लावणार, फिलिपा नुसती बघणार.